उकलता येईल असं

पुण्यातला जुना वाडा पाडायला घेतला की पाडणारा कंत्राटदार पुष्कळदा मजुरी मागत नाही, उलट मालकाच्या हातावर पैसे ठेवतो. त्याचं लक्ष लाकडावर असतं. खांब, तुळया, कडीपाटाच्या कड्या, दिल्हेदार दारं, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या असं सगळं ट्रकमध्ये चढतं आणि जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतं. तिथे दोन-तीन पोरं दिवसभर खिळे उपसत बसलेली असतात. लोहाराने एकेक करून ठोकलेले, चौकोनी अंगाचे घडीव खिळे. एखादा आत राहिला तर सॉ मिलचं पातं तुटतं, म्हणून बरेच सॉ मिलवाले जुनी तुळई कापायला घेतच नाहीत. घेतली तर पात्याचे पैसे वेगळे लावतात. खिळे निघेपर्यंत ती तुळई काळी, धुरकट, चुन्याचे ओघळ सुकलेली अशीच दिसते. रंध्याचा पहिला हात फिरला की आतला सोनेरी-तपकिरी रंग वर येतो आणि सागाचा तेलकट वास सुटतो. शंभर-सव्वाशे वर्षं छतात दडलेल्या लाकडाला अजून वास असतो, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

मी या वखारींत बरीच वर्षं जाते आहे. कधी घर लावणाऱ्या मैत्रिणीबरोबर, कधी घर आवरणाऱ्या नातेवाइकांबरोबर, कधी नुसतीच. बरोबर आलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: जुन्या लाकडाचं करून घेतलं तर स्वस्त पडतं का? नाही पडत. लाकूड एक वेळ स्वस्त मिळेल, पण हात महाग आहेत. प्लायवुडचं कपाट दोन कारागीर मिळून झटपट उभं करतात. जुन्या दाराचं टेबल करायचं तर आधी ते सोडवा, खिळे काढा, रंग खरवडा, कुजलेला भाग कापून टाका, वाकलेलं सरळ करा आणि मग कामाला लागा. त्या रंगाचंही सांगायला हवं. घरगुती रंगांमधलं शिसं 90 पीपीएमच्या वर असू नये असा नियम आपल्याकडे 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. जुनी हिरवी किंवा निळी खिडकी कोरडी घासून तिची पूड घरभर उडवणं लहान मुलांच्या घरात फार वाईट. रंग ओला करून खरवडावा, खाली कागद अंथरावा, तोंडाला चांगला मास्क बांधावा. हौसेने हे काम करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते.

दुसरा प्रश्न पर्यावरणाचा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. तुळई जळली किंवा कुजली की तो हवेत जातो, आणि टेबल होऊन घरात राहिली तर तिथेच राहतो. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. पण वखारीत उभं राहून मला पडणारा प्रश्न याच्याही आधीचा आहे. या ढिगातल्या इतक्या वस्तूंना दुसरं आयुष्य मिळू शकतं, ते कशामुळे? लाकूड चांगलं होतं म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं मला माझ्या आत्याच्या कपाटाने शिकवलं.

सातारा जिल्ह्यातल्या आत्याच्या घराची वाटणी झाली तेव्हा ते कपाट माझ्या वाट्याला आलं. पुरुषभराहून उंच, दोन दारांचं, सागाचं, खाली दोन खण. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावणार नव्हतं आणि जिन्याच्या वळणातून फिरणार नव्हतं. नात्यातल्या एकाने सरळ मधून कापून आणायचं सुचवलं. मी आमच्या मिस्त्रींना घेऊन गेले. वयस्कर माणूस, आजोबा बैलगाड्या करायचे, वडील घरांची कामं करायचे. त्यांनी कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, चौकटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, करवत नको. ह्यात खिळाच नाही.”

मग त्यांनी प्रत्येक सांध्यावरची बांबूची खुंटी शोधून काढली. काळवंडलेल्या लाकडात ती नखाएवढ्या ठिपक्यासारखी दिसत होती. मागच्या बाजूने एक बारीक सळई लावून हलकेच ठोकलं की खुंटी पुढे सरकायची. चार खुंट्या निघाल्यावर वरची पट्टी हाताने उचलली गेली. एका लाकडाचं टोक कोरून केलेलं कुसू दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसलेलं होतं, आणि खुंटी त्या दोघांना आरपार धरून होती. दारांचे दिल्हे, म्हणजे मधल्या फळ्या, चौकटीच्या खाचेत मोकळेच सोडलेले होते; ते नुसते सरकून बाहेर आले. ते मोकळे ठेवण्यामागे विचार असतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि ही हालचाल रेघांच्या आडव्या दिशेने जास्त होते. दिल्हा चिकटवून टाकला तर तो फुटतो किंवा चौकट फोडतो. मोकळा ठेवला तर शंभर पावसाळे काढतो.

जिथे खुंटी नव्हती तिथे सरस होता, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून केलेला जुना गोंद. मिस्त्रींनी गरम पाण्याचं फडकं सांध्यावर धरलं आणि थोड्या वेळाने तो सुटला. मग त्यांनी मला हाक मारली. सुट्या झालेल्या लाकडांच्या आतल्या बाजूला पटाशीने मारलेल्या रेघा होत्या. एका सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर एक रेघ, दुसऱ्याच्या दोन्ही तुकड्यांवर दोन, तिसऱ्यावर तीन. कुठला तुकडा कुठे बसतो याची ती खूण. कपाट जोडल्यावर त्या कधीच दिसणार नव्हत्या. ज्या सुताराने त्या मारल्या त्याला त्या जोडणीपुरत्या हव्या असतील, पण त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यालाही हे ठाऊक असणार की हे कपाट कधी तरी कुणी तरी सोडवणार आहे. आमचे मिस्त्री बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिले. पुण्याला आल्यावर त्याच खुणांवरून कपाट पुन्हा उभं राहिलं. तळाची एक फळी ओलीने गेली होती, ती तेवढी बदलली.

जुन्या लाकडाचा दुसरा जन्म मला त्या दिवसापासून या गोष्टीशी बांधलेला दिसतो. करणाऱ्याने वस्तू केली तेव्हाच ती उकलण्याची वाट तिच्यात ठेवली होती. वाडेसुद्धा असेच उकलतात. कोथरूडला असलेला मस्तानी महाल तिथून सोडवून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभा केला आहे. खांब, महिरपी, छत नव्या जागी पुन्हा बसू शकलं, कारण ते मुळात जोडलेलं होतं.

आता आजच्या घरात या. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि यूरिया-फॉर्मल्डिहाइडची चिकट राळ, दाबून केलेली फळी. वर सुंदर कागदी किंवा प्लास्टिकचा पापुद्रा. स्क्रू पहिल्यांदा पिळला तेव्हा त्या चुऱ्यात धरतो. काढून पुन्हा पिळला की तिथे नुसता भुसा उरतो. सिंकखालच्या कपाटात पाणी झिरपलं की तळ फुगतो आणि फुगलेला तळ पुन्हा बसत नाही. बदलीची नोकरी असलेली माझी भाची दोन शहरांतून तिसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचं वॉर्डरोब पॅकर्सनी तुकड्या-तुकड्यांनी नेलं आणि तिसऱ्या ठिकाणी ते उभं राहिलंच नाही. भंगारवाल्यानेही ते घेतलं नाही. लोखंड, कागद, बाटल्या, तुटकी प्लास्टिकची खुर्चीसुद्धा तो घेतो. याचं काय करणार? चुलीत घालण्याच्याही लायकीचं ते नसतं, कारण त्या राळेचा धूर विषारी. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नव्या फर्निचरचा जो डोळे चुरचुरवणारा वास आपण ‘नव्याचा वास’ म्हणून कौतुकाने घेतो, त्यात हाच असतो.

तरीही नव्या सामानाला सरसकट नावं ठेवणं मला मान्य नाही. प्लायवुड ही फार हुशारीची वस्तू आहे. पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे लावून लाकडाचं फुगणं-आकसणं जागीच जेरबंद केलं जातं. बाजारात आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय मिळतं, त्यात फेनॉलची राळ असते, ते पाण्याला दाद देत नाही आणि वासही मागे सोडत नाही म्हटलं तरी चालेल. हरियाणातल्या यमुनानगरच्या कारखान्यांना लागणारं पॉपलर आणि निलगिरी शेतकऱ्यांच्या बांधावरून, शेतातून येतं. तिथे जंगल तुटत नाही. आणि 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आला तेव्हा सुतारांची मोठी सोय झाली, हेही विसरता येत नाही. त्याआधी सरस विस्तवावर सारखा गरम ठेवावा लागे, त्याचा वास असह्य असे, आणि पावसाळ्यात तो दगा देई. मिस्त्रींचे वडील त्या वासामुळे कामाच्या दिवशी घरात जेवत नसत, असं ते सांगतात. ज्याने हे सोसलं नाही त्याने सरसाची गोडी गाऊ नये. फक्त एवढंच की त्या पांढऱ्या गोंदाबरोबर सांधा कायमचा मिटला. आज जोडलेलं उकलायला गेलं तर गोंद सुटायच्या आधी लाकूड फाटतं. सोय झाली आणि वाट बंद झाली, दोन्ही एकाच डब्यातून आलं.

जुन्या सागाबद्दल बोलताना आपण एक गोष्ट पुष्कळदा टाळतो. तो साग आला कुठून? मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजं बांधली. त्यांतलं ‘ट्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. त्याला मलबारचा साग लागला. अशा मागणीपुढे मलबारची जंगलं उजाड होत गेली, मग नजर ब्रह्मदेशाकडे वळली. 1863 साली मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून तिकडे आधी झाडाच्या बुंध्याभोवती गोल खाच पाडत, त्याला उभ्या-उभ्या मरू देत, दोन-तीन वर्षं वाळवत आणि मग कापत. हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढत नेत आणि पावसाळ्यातल्या पुराबरोबर ते इरावतीतून रंगूनकडे वाहत येत. तिथून जहाजाने मुंबई. गिरगावातल्या चाळींचे जिने, कठडे, गॅलऱ्या, कित्येक घरांतले पलंग आणि आरामखुर्च्या या प्रवासाने आलेल्या आहेत.

मंडालेच्या राजा थिबाच्या दरबाराने या कंपनीवर कमी ओंडके दाखवून पैसे बुडवल्याचा ठपका ठेवला आणि जबर दंड केला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. 1885 साली युद्ध झालं, राजा कैद झाला आणि त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. तो पुन्हा आपल्या देशात गेला नाही. 1910 साली बांधून झालेल्या थिबा पॅलेसमध्ये त्याची शेवटची वर्षं गेली आणि 1916 साली तो रत्नागिरीतच वारला. मी तिथे गच्चीवर उभी राहून भाट्याच्या खाडीकडे पाहिलं आहे. माझ्या घरातली आजेसासऱ्यांची आरामखुर्ची बर्मा टीकची आहे, असं घरात नेहमी अभिमानाने सांगितलं जातं. तो अभिमान मला सोडावासा वाटत नाही, पण त्या खुर्चीच्या हातांवर पाय टाकून बसताना एका देशाची जंगलं आणि एका राजाचं राज्य तिच्यात गेलं आहे हे मला ठाऊक असलेलं बरं.

म्हणूनच जुनं लाकूड जपण्यामागे मला घराण्याच्या आठवणींपेक्षा मोठं कारण दिसतं. ती झाडं पुन्हा होणार नाहीत. म्यानमारने 2014 साली सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्याला उशीर झालेलाच होता. लागवडीतला साग आज वीस-पंचवीस वर्षांत कापला जातो. तोवर त्यात बाहेरचं पांढुरकं लाकूड बरंच असतं आणि गाभा, सुतार ज्याला नार म्हणतात, तो थोडा. वाळवीला आणि किडीला दूर ठेवणारी द्रव्यं गाभ्यातच असतात. साग आहे म्हणून कीड लागणार नाही असं समजून घेतलेल्या नव्या दरवाजातून भुसा गळायला लागतो, तो यामुळे. वखारीतली तुळई जवळजवळ सगळी नारच असते. ती जळणात जाणं म्हणजे एकदा लुटलेलं दुसऱ्यांदा वाया घालवणं.

पण या प्रेमालाही एक वाईट वळण लागलेलं मी पाहते आहे. जुन्या लाकडाला फॅशन आली, भाव आला, आणि मग पडलेल्या घराची वाट कोण बघणार? तमिळनाडूतल्या चेट्टिनाडमध्ये, कारैकुडीच्या बाजारात, मोठमोठ्या हवेल्यांचे खांब आणि दारं विकायला मांडलेली असतात. गोव्यात, कोकणात, वाईला, सगळीकडे माणसं दारावर येऊन विचारतात, “देव्हारा द्यायचा का? झोपाळ्याच्या कड्या आहेत का?” वाड्याचं एक कोरीव दार निघालं की तिथे पत्रा लागतो, पाऊस आत येतो, आणि दोन-तीन वर्षांत अख्खी भिंत बसते. मग बाकीचं लाकूडही बाजारात येतं. कुठल्या तरी रिसॉर्टच्या भिंतीवर ते दार आडवं टांगलेलं असतं, त्याला ना उंबरठा ना कडी. मला हे पुनर्वापर वाटत नाही. ज्या घरात माणसं राहतात किंवा राहू शकतात, त्यातून काढलेलं लाकूड मी घेत नाही आणि कुणाला घेऊ देत नाही. वखारवाल्याला विचारलं की तो सांगतो. त्याला कुठल्या घराचं काय आहे हे पक्कं माहीत असतं. याच्या उलट उदाहरण गोव्यात बाणावलीला आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’ हे शेतीच्या आणि घरगुती अवजारांचं संग्रहालय पाडल्या गेलेल्या जुन्या घरांच्या दारं-खिडक्या-खांबांतूनच उभं केलं. तिथे दार दाराच्या जागी आहे, खांब भार घेऊन उभा आहे. आणि तिरुवनंतपुरमला वास्तुविशारद लॉरी बेकर जुन्या इमारतींची दारं-खिडक्या आणून साध्या माणसांच्या साध्या घरांत बसवत असत, शोभेसाठी नाही, खर्च वाचावा म्हणून.

खर्चावरून आठवलं. आपल्याकडे ही कला हौसेतून आलेलीच नाही. मध्यमवर्गीय मराठी घरात चहाच्या प्लायवुडच्या पेट्या आणि देवदारी खोकी कधी टाकली जात नसत. त्यांची मांडणी व्हायची, रद्दीचा डबा व्हायचा, कोळशाची पेटी व्हायची, पोरांचं दप्तर ठेवायचं कपाट व्हायचं. माझ्या वडिलांचं अभ्यासाचं टेबल देवदारी खोक्याचं होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला परदेशी बंदराचं नाव काळ्या शाईत छापलेलं होतं. ते नाव वाचत ते भूगोल शिकले. आज न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या मालाबरोबर पाइनच्या पॅलेट येतात, भिवंडीच्या गोदामांबाहेर त्यांचे ढीग लागतात, आणि तरुण मुलं त्यांचे सोफे, बेंच, कुंड्यांचे स्टँड करतात. फार चांगलं करतात. फक्त पॅलेटवरचा गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का पाहून घ्यावा. त्यात ‘एचटी’ अशी रोमन अक्षरं असली तर ते लाकूड 56 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून कीडमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असलं लाकूड घरात आणू नये, मग ते फुकट मिळालं तरी.

मग नवीन काही करायचंच नाही का? केलंच पाहिजे. सगळ्यांना पुरेल एवढं जुनं लाकूड जगात नाही, आणि जुनं दुरुस्त करणाऱ्यालाही आधी नवं करता यावं लागतं. जपानमध्ये इसे इथलं मोठं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर अगदी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. 2013 साली ते बासष्टाव्यांदा झालं. वीस वर्षं म्हणजे शिकाऊ सुतार मुख्य सुतार होण्याचा काळ. तरुणपणी ज्याने पाहिलं तो पुढच्या वेळी करतो आणि त्याच्या पुढच्या वेळी शिकवतो. जुन्या मंदिराचं लाकूड देशभरातल्या इतर देवस्थानांना जातं. मुख्य मंदिराचा आढं पेलणारा खांब उतरवला की त्याची इसुझू नदीवरच्या उजी पुलाच्या टोकाला कमान होते, तिथे तो आणखी वीस वर्षं उभा राहतो आणि मग पुन्हा दुसऱ्या गावी कमानीसाठी जातो. एकाच खांबाची तीन आयुष्यं, आणि प्रत्येक वेळी नवं बांधकामही. नवं आणि जुनं यांचं भांडण तिथे मिटलेलं दिसतं, कारण नवं करतानाच त्याच्या पुढच्या जन्माची सोय केलेली असते.

आपल्याकडे नव्याचे चांगले रस्ते आहेत. बांबू तीन-चार वर्षांत तोडणीला येतो आणि तोडला की पुन्हा फुटतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतःच्या परवान्याने बांबू विकू लागलं. त्याआधी कित्येक वर्षं ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावाला स्वतःच्या जंगलातला बांबू विकता येत नव्हता. 2017 साली कायदा बदलला आणि वनाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. केरळात चीक आटलेली रबराची झाडं तोडतात आणि बोरॅक्सचं पाणी पाजून त्यांचं फर्निचर करतात. ते लाकूड नवं आहे की उरलेलं, हे तुम्हीच ठरवा. आणि कोकणात वादळं आहेत. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोलीकडे आंबे, फणस, सुपारी, नारळ आडवे केले. पुढच्या वर्षी तौक्ते आलं. त्यातलं पुष्कळ लाकूड वाट मोकळी करायच्या घाईत तुकडे होऊन जळणाला गेलं, कारण गावात ओंडका फाडायची सोय नव्हती आणि सुतारही उरला नव्हता. फणसाचं लाकूड कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, उजेडात वर्षानुवर्षं राहून ते गडद तपकिरी होतं. कोकणातल्या जुन्या घरांची दारं याच लाकडाची आहेत आणि ती अजून सागाच्या बरोबरीने उभी आहेत.

गेल्या पावसाळ्यात श्रीवर्धनला माझ्या मावसभावाच्या परसातला फणस वाऱ्याने पडला. त्याने मला आधी फोन केला, मग जळणवाल्याला. मिस्त्रींनी फोनवरच सांगितलं, ओंडका जमिनीवर लोळत ठेवू नका, टोकांना रंग लावा, म्हणजे चिरा जाणार नाहीत. त्याच्या फळ्या पाडून सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या आहेत. त्या आणि वखारीतून आणलेली एक तुळई मिळून पुस्तकांची मांडणी करायची आहे. गोंद नाही, खुंट्या. प्रत्येक सांध्याला आत खुणा. मिस्त्रींनी कागदावर काढून दिलं आहे. फळीची जाडी किती ठेवायची यावर आमचं एकमत झालेलं नाही; ते सव्वा इंच म्हणतात, मला फणस कमी पडेल अशी भीती वाटते.

दुसरी अडचण हातांची आहे. मिस्त्रींना आता पटाशी फार वेळ धरवत नाही. त्यांचा पुतण्या त्यांच्याबरोबर येतो, पण हिंजवडीच्या बाजूला एका मोठ्या इमारतीत मॉड्युलर किचन बसवायचं काम त्याला मिळालं आहे. रोजचे पैसे ठरलेले आहेत आणि ते चांगले आहेत. त्याने ते घ्यावं, असंच मी त्याला सांगितलं. पण रविवारी तो काकांकडे येतो आणि उरलेल्या तुकड्यांवर कुसवं काढतो. पहिली ढिली झाली, पुढची फाटली. मागच्या रविवारी एक बसलं. काका म्हणाले, “ठोकून बसवलंस, हाताने बसायला पाहिजे. आणि बसलं तसं निघायलाही पाहिजे.” तो ते पुन्हा काढतोय. दिवाळीनंतर मांडणीला हात घालू, असं ठरलं आहे. तोवर फणसही वाळेल.